ओल्या सारवणावर बूट

मंडळी, आज लय शरम वाटायलीय.

सकाळी परभणीहून निघून बंद पडलेली रेल्वेची छोटी लाईन बघायला गेलो. रूळ कधीच उखडलेत, बाभळीत दडलेलं स्टेशन तेवढं उरलंय. मोबाईलवर शूटिंग करत तिकीटघरात शिरलो आणि बोललो, "इथं आता काळं कुत्रंबी फिरकत न्हाई."

आतून बाईचा आवाज आला, "दादा, बूट काढा. आत्ताच सारवलंय."

मोबाईल खाली केला. कोपऱ्यात चूल, दोरीवर लेकराचं झबलं. माझ्या बुटांचे ठसे पार चुलीपर्यंत गेले होते.

मी माफी मागितली. "असू द्या," म्हणत ती पुन्हा शेण कालवायला बसली.

ओसाड दिसणाऱ्या जागेत शिरताना तुमी आवाज देता का? मी दिला न्हाई.

व्हिडिओ मी तिथंच पुसला. ठसे मात्र तिलाच पुसावे लागले.