बारक्या दीर्घिका

माझी बायको जालन्यातल्याच एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. चाळिशी उलटल्यावर तिला पीएचडीचं वेड लागलं. विषय काय, तर उबदार कृष्णद्रव्य. मी एमआयडीसीत, बियाण्याच्या कारखान्यात चाळणीच्या मशीनवर असतो. त्यामुळे विश्वाबद्दल मत द्यायचा मला काडीचाही हक्क नाही. तरी मी देतो.

मला कळलं ते एवढंच. विश्वात न दिसणारं द्रव्य उदंड आहे आणि त्याच्याच ओढीनं दीर्घिका जमल्या. सुरुवातीला त्याचे कण संथ असतील, तर लहानमोठे सगळे गोळे धरतात. उबदार असेल, म्हणजे कण पळते असतील, तर लहान गोळे धरायच्या आधीच विरतात. मोठे तेवढे टिकतात आणि पहिले तारेही उशिरा पेटतात. बायकोची सगळी भिस्त या उबदारवर होती.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी आम्ही दोघं दळणाची ज्वारी निवडत बसलो होतो, आणि ती एकाएकी रडायला लागली. तिच्या हिशेबानं ज्या फिकट, चिमुकल्या दीर्घिका असायलाच नकोत, त्या दुर्बिणींना सापडत होत्या.

‘‘सोडून देते सगळं,’’ ती म्हणाली. ‘‘इतकी वर्षं फुकट गेली.’’

मला तिचं रडणं सोसत नाही, लग्नाला एवढी वर्षं झाली तरी. तोंडाला आलं ते बोलून गेलो. ‘‘आगं, बारक्यासाठी काहून रडून राह्यली? आमच्याकडं चाळणीखाली गेलं ते बाद. मोठं बराबर जमलं ना तुझं? मंग झालं.’’

तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडं असं पाहिलं, की मी सूप जरा लांब सरकवलं.

‘‘बाद कुणाला म्हणता? ताऱ्यांच्या मानानं बारकीतच तर ते द्रव्य सगळ्यात जास्त भरलेलं असतं. मूठभर तारे असतात, पण धरून ठेवलेत तिनं. माझ्या हिशेबात एक बी वाचत न्हाई, अन् त्या तिथं आहेत.’’

‘‘पण कचराच ना शेवटी?’’ हे मात्र मी मुद्दाम विचारलं.

‘‘कचरा न्हाई हो. उबदार म्हणजे किती उबदार, याची हद्द ह्याच तर सांगून राह्यल्यात. ह्यांच्यामुळंच...’’

ती मध्येच थांबली. रडणं कधीच थांबलं होतं, तोंडावर लालसर तरतरी आली होती. लग्नाच्या दिवशीसुद्धा मी तिला इतकी सुंदर पाहिली नव्हती. तिनं हात झटकले आणि लॅपटॉप ओढला. प्रबंधाचा आधीचा शेवटचा भाग तसाच ठेवून खाली नवं पान घेतलं.

‘‘मी चुकले तेच बरं झालं,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘मी बराबर असते, तर ह्या बिचाऱ्या झाल्याच नसत्या.’’