झेंडूच्या माळेखालची पेटी

जगन रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. निवृत्त होऊन जिते गावातल्या घरी बसला, पण अंगातली शिफ्ट काही गेली नाही. सकाळी उठला की टाकीतलं पाणी बघायचा, मग विजेचा मीटर, मग कॉम्प्युटर. घरात कोणी त्याच्याकडे रिपोर्ट मागत नव्हतं, हा भाग वेगळा.

पनवेलला नोकरी करणाऱ्या त्याच्या मुलीने, मृणालीने, एका जुन्या कॉम्प्युटरचा घरचा सर्व्हर करून दिला होता. पडदा नसलेली ती काळी पेटी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असे. जगनच्या कॉम्प्युटरवर जे साठेल त्याची प्रत रोज संध्याकाळी आपोआप पेटीत जाई.

"कॉम्प्युटर मेला तरी पेटीत सगळं असेल," मृणालीने बजावलं होतं. "पेटी तेवढी बंद करू नको, बाबा."

जगनने ती बंद केली नाही. मग दसरा आला.

कंपनीत दसऱ्याला पंपापासून पॅनलपर्यंत सगळं बंद करून पुसायचे, हळदकुंकू लावायचे, झेंडूची माळ घालायचे. माळ घातलेल्या यंत्राला त्या दिवशी हात लावायचा नाही, आणि माळ कोणी उतरवायची नाही. सुकून गळेल तेव्हा गळेल. जगनने घरातही कोयता, फावडं, कॉम्प्युटर आणि पेटी, सगळ्यांना सुट्टी दिली. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू केला. पेटीला पडदा नव्हता, तिचा बारीकसा दिवाही माळेखाली गेलेला. ती सुरू करायची राहिलीच. त्यानंतर कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात रोज एक सूचना उगवायची आणि जगन ती जाहिरात समजून नेमाने बंद करायचा.

दिवाळीनंतर मृणालीचं लग्न ठरलं, वैशाखातलं. जगनची आत्या पुतळी ही धवलारीण, म्हणजे धवले गाऊन आगऱ्यांची लग्नं लावणारी. खाडीकाठच्या कितीतरी पोरींना तिच्या आवाजात हळद लागली होती. आता तिला धाप लागे. भाद्रपदात जगनने सहज तिच्यापुढे कॉम्प्युटरचा माईक धरला, तेव्हा तिने त्याला चांगलंच झाडलं होतं. धवला मांडवात म्हणायचा, माईकपुढे नाही. पण भाच्याच्या पोरीचं लग्न म्हटल्यावर ती आपणहून येऊन बसली.

"वैशाखापरत मी रहात नाय रं," ती म्हणाली. "टेप करून ठेव. हलदीला लाव."

पुढच्या काही दुपारी ती थांबत थांबत, पाणी पीत गायली. मोबाइलवर टेप केलं तर चुकून पुसलं जाईल, म्हणून शहाण्या जगनने सगळं थेट कॉम्प्युटरवर घेतलं. माघात आत्या गेली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला जगन सांगे, आवाज ठेवलाय तिचा.

फाल्गुनात कॉम्प्युटरची डिस्क गेली. पनवेलच्या दुकानदाराने हात टेकले, तरी जगन निवांत होता. मृणाली घरी आली, फळीजवळ गेली आणि तिने पेटीवरची वाळलेली माळ उचलली. दिवा लागलेला नव्हता.

"बाबा, ही कधीपासून बंद हाय?"

जगनला दसरा आठवला. पेटी सुरू केली, तर दसऱ्यापर्यंतचं सगळं नीट निघालं: फोटो, विजेची बिलं, पेन्शनचे कागद. त्यापुढे काही नाही. आत्याच्या आवाजाची एकच फाइल सापडली, भाद्रपदातली. मृणालीने ती दोनदा लावून ऐकली.

वैशाखात हळदीला शेजारच्या गावची धवलारीण आणली. ती सुरू करणार, तेवढ्यात मृणाली पाटावरूनच म्हणाली, "आधी ती फाइल लाव, बाबा."

स्पीकरमधून पुतळीआत्या कडाडली, "मांडव नाय, नवरी नाय. धवला कोनासाठी म्हनू रं? तुझ्या या डब्यासाठी?"

बायका हसल्या. फाइल तिथेच संपत होती. जगन स्पीकरजवळ उभाच राहिला.

"मांडव हाय, आते," तो म्हणाला. "नवरी पन हाय."