तुळशीपाशी पणती, उघडं दार

देवावर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. असे अनुभव लिहिणारी माणसं बहुतेक पहिल्यापासून श्रद्धाळू असतात. मी तशी नव्हते. वडिलांच्या आजारपणात मी उपास केले, पारायणं केली, ज्याने त्याने सांगितलेला प्रत्येक नेम पाळला. तरी ते गेलेच. त्या दिवसापासून मी देवाशी अबोला धरला. भांडणसुद्धा नाही, कारण भांडायला निदान समोर कुणीतरी आहे असं वाटावं लागतं.

लग्नानंतर यजमानांना मानेसरच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही पुणं सोडून गुडगावला आलो. निघताना सासूबाईंनी माझ्याकडून एकच गोष्ट मागितली. "बाकी काही नाही केलंस तरी चालेल गं. तिन्हीसांजेला तुळशीपाशी पणती तेवढी लाव, आणि घटकाभर पुढचं दार उघडं ठेव. लक्ष्मीच्या यायच्या वेळेला दार लावू नये." त्या बाईने मला कधी दुखवलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा शब्द मोडवेना. दारासमोर कुंडीत तुळस लावली, रोज पणती लावत राहिले. पण खरं सांगू? विजेचं बटण दाबावं तशी लावायची. हात जोडायचे नाहीत.

तेव्हाचं गुडगाव म्हणजे अर्धं शेत आणि अर्धं शहर. आमच्या सेक्टरमध्ये एकसारख्या घरांच्या दोन-चार ओळी, मध्ये मध्ये खणून ठेवलेले पाये, वाळूचे ढीग, आणि पलीकडे पिवळीधमक मोहरी. आमच्या भाड्याच्या घराला फाटकसुद्धा बसलं नव्हतं. घरमालक "अगले महीने" म्हणायचे आणि तो महिना काही उजाडत नव्हता. फोनचा अर्ज केला होता, नंबर लागायचा होता. वीज संध्याकाळी हमखास जायची. पण स्वतःचं आयुष्य स्वतः उभं करतोय, या ऐटीत आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं.

आमची सई तेव्हा सव्वादोन वर्षांची होती. सकाळी साडेसातला तिला दोन घरं सोडून राहणाऱ्या आंटींकडे द्यायची, धावत जाऊन चार्टर्ड बस पकडायची, दिल्लीत दिवसभर ऑफिस, संध्याकाळी परत. उतरल्यावर बूथवरून दूध, चक्कीवरून पीठ, इस्त्रीवाल्याकडून कपडे, आणि शेवटी सई. दोन्ही हातांत पिशव्या आणि कडेवर पोर. आंटी निवृत्त शिक्षिका होत्या, पंजाबी, मनाने फार मोठ्या. "बेटा, तू कभी बैठती भी है?" असं विचारायच्या. मी हसायचे. आतून मात्र मला त्याचा गर्व होता. घर, नोकरी, मूल, सगळं माझ्या दोन हातांवर चाललंय, मी आहे म्हणून चाललंय, असं मला मनापासून वाटायचं. नाकी नऊ येत होते, पण मदत मागणं कमीपणाचं वाटायचं, माणसांकडेही आणि वर कुणी असलाच तर त्याच्याकडेही.

होळीच्या आधीचे दिवस होते. त्या दिवशी साहेबांनी उद्या सकाळी टेबलावर हवं म्हणून एक काम घरी दिलेलं. मी आले, पणती लावली, दार उघडं ठेवलं, आणि वरणाला उकळी फुटते न फुटते तोच सिलिंडर संपला. झालं! मग रॉकेलचा स्टोव्ह काढला. पिन सापडेना. सई पायाला मिठी मारून "कलेवल घे, कलेवल घे" करत होती. तिचे बाबा कंपनीच्या बसने चौकात उतरायचे, आणि त्या बसची वाट बघणं हा तिचा रोजचा उद्योग. "आई, बाबाची बश?" एकदा विचारलं, दोनदा विचारलं, दहाव्यांदा विचारलं तेव्हा माझा ताबा सुटला. मी तिचे हात पायावरून सोडवले आणि ओरडले, "जा! जाऊन बघ आली का बस! मला सोड जरा!"

ती गेली. मला हायसं वाटलं, हेही लिहिते, कारण तेच सगळ्यात जास्त टोचतं. तेवढ्यात वीज गेली. मी मेणबत्ती लावली, पिन शोधून काढली, स्टोव्हला पंप मारत बसले. स्टोव्हच्या घरघरीत दुसरं काही ऐकू येत नव्हतं. वरणाला फोडणी दिली, कणीक भिजवली. दहा मिनिटं झाली असतील, फार तर पंधरा. मग लक्षात आलं की घरात कुणीच मला हाक मारत नाहीये.

पलंगाखाली पाहिलं, दाराआड पाहिलं, न्हाणीघरातल्या बादलीत हात घालून पाहिला. बाहेर आले तर गल्ली काळीकुट्ट. "सई!" माझा आवाज मलाच ओळखू येईना. आंटी टॉर्च घेऊन धावत आल्या, दोन-चार शेजारी निघाले. मी चौकाकडे पळाले, तिथे बसही नाही आणि सईही नाही. त्या दिवशी नेमकी कंपनीची बस उशिरा येणार होती, हे मला कसं कळावं? परत येताना खणलेले पाये दिसले. त्यातल्या एकात पाणी साचलेलं मला ठाऊक होतं. तिकडे वळले तशी आंटींनी माझा दंड धरला. "उधर ये लोग देख रहे हैं। तू घर जाकर बैठ। बच्ची लौट आई और घर में कोई न मिला तो?"

बैठ! मला आयुष्यात कधी बसता आलं नव्हतं, आणि आता बसायला सांगत होत्या. पण त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. मी उंबरठ्यावर बसले. समोर पणती. मला असा संताप आला की काय सांगू! या पणतीपायी दार उघडं, या दारातून माझी पोर गेली. 'ये ये म्हणून दार उघडं ठेवलं आणि तू माझंच घेऊन गेलीस?' असं मी मोठ्याने म्हणाले. पणती विझवून दार आपटावं म्हणून हातसुद्धा उचलला. तोवर तेल संपत आलं होतं, ज्योत वातीशी चिकटून निळी झाली होती. माझ्या फुंकरीचीही तिला गरज नव्हती.

आणि का कोण जाणे, माझा हात खाली आला. सगळ्या गल्लीत उजेड म्हणून तेवढाच होता. आत गेले, तेलाची बुधली आणली, पणती काठोकाठ भरली आणि वात पुढे सारली. वारा होता म्हणून ओढणीचा आडोसा केला. वडील गेल्यापासून पहिल्यांदा हात जोडले गेले. मागायला तोंड नव्हतं. ज्याच्याशी इतकी वर्षं बोलले नाही, त्याच्यापुढे नवस कसला बोलायचा? एवढंच म्हणाले, "मला नाही जमलं. तू सांभाळ." मग बसून राहिले. रडूही येत नव्हतं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. अंधारातून पावलं वाजली. एक बाई येत होती, बांधकामावर मजुरी करणारी, डोक्यावर चुंबळ तशीच, साडी सिमेंटने पांढरी झालेली. तिच्या कडेवर सई होती. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात भाकरीचा तुकडा.

"दीदी, तुम्हारी है ना?"

मी सईला ओढूनच घेतलं. सई माझ्या गळ्यात हात टाकून अगदी शहाण्यासारखी म्हणाली, "आई, बश नाई आली."

मी जे सांगितलं होतं तेच ती करायला गेली होती. त्या क्षणी मी फुटले. त्या अनोळखी बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून अशी रडले, जशी वडील गेले तेव्हाही रडले नव्हते. ती पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिने सांगितलं ते असं. काम संपवून ती झोपडीवर पोचली होती. जेवणाचा डबा कामाच्या जागेवर विसरल्याचं लक्षात आलं, म्हणून परत फिरली, तर पाण्याच्या खड्ड्याच्या अगदी काठावर ही बसलेली. उचलून घेतली, पण घर कुठलं? तीन दारं वाजवली. "हमारी नहीं" म्हणून लोकांनी लावून घेतली. "सब घर एक जैसे, ऊपर से बिजली नहीं। फिर दूर से तुम्हारा दीया दिखा। रोज साँझ को देखती हूँ, इसी घर का किवाड़ खुला रहता है। सोचा, यहाँ तो कोई सुनेगा।"

मी तिला आत बोलावलं. ती उंबरठ्याशीच अडली, पायांकडे बघून म्हणाली, "फर्श खराब हो जाएगा।" मी हात धरून आत आणली, कुंकू लावलं, चहा दिला. वरण गरम करून पोळ्या वाढल्या, त्या तिने सईच्या शेजारी बसून खाल्ल्या. मग "बच्चे राह देखते होंगे" म्हणत निघून गेली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी शोधायला गेले तर ती टोळी दुसऱ्या कामावर हललेली. वीज आल्यावर फरशीवर पाहिलं, दारातून आत आलेली सिमेंटची पांढरी पावलं उमटली होती. दिवाळीला काढतो ना आपण, तशी. मी ती दोन दिवस पुसली नाहीत.

हे आले तेव्हा सई झोपली होती. सगळं ऐकून पांढरेफटक पडले. म्हणाले, "उद्यापासून संध्याकाळी दार बंद. आईला मी समजावतो." मी मान हलवली. दोष उघड्या दाराचा ठरला आणि मी तो ठरू दिला. माझ्या तोंडून गेलेलं "जा!" मी गिळून टाकलं. पोटच्या पोरीला मी घालवलं, हे नवऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?

दोन संध्याकाळी पणती लागली, पण दार बंद. तिसऱ्या दिवशी सई बंद दारासमोर उभी राहिली आणि कडीकडे बोट दाखवून म्हणाली, "दाल उघल. मावशी येनाल." मग मात्र मला राहवेना. त्या रात्री यांना सगळं सांगितलं. स्टोव्ह, पिन, माझं ओरडणं, आणि ती गेल्यावर मला वाटलेलं हायसं. हे एवढंच म्हणाले, "एकटीने किती ओढतेस गं. सांगायचंस ना मला." रविवारी सुताराकडून गुडघ्याएवढी फळी करून आणली आणि चौकटीत खाच पाडून अडकवली. सईला ती ओलांडता येत नव्हती आणि दारही उघडं ठेवता येत होतं. सिलिंडरचा नंबर लावणं आणि चक्कीवरून पीठ आणणं त्या दिवसापासून त्यांच्याकडे गेलं. मी पहिल्यांदाच कुणाला काही करू दिलं.

तो चमत्कार होता का, मला माहीत नाही. कुणी म्हणेल, बाई डबा विसरली, एवढंच. असेल. वडिलांना का नेलंस, याचं उत्तर मला अजूनही मिळालेलं नाही आणि आता मी ते मागतही नाही. पण सगळं माझ्या दोन हातांवर चाललंय, हा भ्रम त्या संध्याकाळी गेला. ज्या घटकेला माझे हात पुरले नाहीत, त्या घटकेला माझं लेकरू दुसऱ्या कुणाच्या तरी कडेवर सुखरूप होतं, आणि मला करता येण्यासारखं एकच काम उरलं होतं, तेल घालायचं.

तेव्हापासून पणती लावली की मी तिथेच जरा टेकते. त्या काळी सई फळीवर हनुवटी ठेवून बाबांच्या बसची वाट बघत उभी असायची, आणि मी तिच्या मागे बसलेली. वरण गार झालं तर होऊ दे. ती वळून विचारायची, "आई, बश?"

"येईल हं," मी म्हणायचे, "आपण दोघी बघू."