बोटीवरचं अर्घ्य

आज आमच्या लष्कर मोहल्ल्यात धुक्याचा इतका दाट कोहरा आहे की समोरची गच्चीही दिसत नाही, आणि आई तांब्याचा लोटा घेऊन वर निघाली तशी मला ती बोट आठवली. ऐन हिवाळ्यात नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेकडे जाणारी, दिवसभर अंधारातच चालणारी. आईला जग दाखवायची हौस माझीच. सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय ती तोंडात काही घालत नाही, हे तिकिटं काढताना माझ्या डोक्यातच आलं नाही. नाश्ता उरकून लोक उठले तरी बाहेर काळं पाणी, बर्फाचे डोंगर आणि हाडं गोठवणारा वारा. तिची शुगरची गोळी तशीच पडलेली. "अगं, इथे या दिवसांत सूर्य उगवतच नाही," मी वैतागून म्हणालो, "घरी कोहऱ्यात देतेसच ना न बघता?" "तिथे तो कोहऱ्यामागे असतो रे. इथे उगवलाच नाही म्हणतोस, मग देऊ कुणाला?" मी संत्रं फिरवून पृथ्वी कशी कलते ते दाखवलं. तिने संत्रं बाजूला ठेवलं. शेवटी हात टेकून मी घरी आमच्या शेजारच्याच मोहल्ल्यातल्या, दौलतगंजच्या मावशीला फोन लावून दिला. "तुझ्याकडे उगवला का गं?" आईने विचारलं. "दुपार झाली, उगवला असणारच. कोहरे में दिख नहीं रहा, बस!" एवढं ऐकून आई उठली, बोटीच्या कठड्यावरून पाणी सोडून आली आणि तेच संत्रं सोलायला बसली. मला असा संताप आला! आत्ता गच्चीवरून तिची हाक आली, "उगवलाय ना रे?" आणि मी खिडकीकडे न बघताच ओरडलो, "हो!"