वहिनींना कुणीच विचारलं नाही

एकोणीसशे साठच्या आसपास लग्न होऊन मी बंगलोरला आले. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनियर, वसाहतीत क्वार्टर. शेजारच्या वहिनींनी मला बाजार दाखवला, कामापुरतं कानडी शिकवलं.

एका दुपारी आम्ही दोघी शिवाजीनगरला कापड घ्यायला गेलो. निघताना दुकानदारानं वहिनींना थांबवलं. त्यांच्या पदराखालून जरीकाठी खण निघाला. त्यानं तो मुकाट्यानं काढून घेतला. पण वसाहतीतली एक बाई तिथेच होती. संध्याकाळपर्यंत घरोघरी तोच विषय.

"रक्तातच असतं ते," सासूबाई म्हणाल्या. "तिचा मामाही तसलाच होता म्हणे."

"साडेसाती, दुसरं काय!" मागच्या घरातली अक्का म्हणाली. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगलोरचं.

माझा नवरा पुस्तकं वाचणारा. "लहानपणी वंचित राहिलेली माणसं असं करतात," तो म्हणाला.

वसाहतीतल्या भजनी मंडळाच्या प्रमुख बाईंनी संस्कारांवर बोट ठेवलं आणि वहिनींना शुक्रवारच्या भजनाला यायला बंदी केली.

"पण त्यांना कुणी विचारलंत का?" मी म्हटलं.

"चोराला काय विचारायचं?" सासूबाई म्हणाल्या.

मी गेले. वहिनी तांदूळ निवडत होत्या. डोळे सुजलेले.

"वहिनी, का घेतलात?"

त्यांनी सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "तो खण त्यानं तीनदा दुसऱ्या बाईपुढे उलगडला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात कधी गेला, कळलंच नाही. एवढ्यासाठी कुणी चोरी करतं का गं? मलाच ठाऊक नाही."

पुढच्या शुक्रवारी भजन आमच्याकडे होतं. मी वहिनींना बोलावलं.

"ती येणार असेल तर मी बाहेर बसणार नाही," सासूबाईंनी बजावलं.

"मग आत बसा, आई."

लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना उलट बोलले. शब्द मागे घेतले नाहीत.

वहिनींना पाहून बहुतेक बायका दारातूनच परतल्या. अक्का तेवढी आत आली, वहिनींना खेटून बसली. "सरी, बरं, सुरू करा," म्हणाली. वहिनींचा आवाज पहिल्या कडव्यात फुटला, दुसऱ्यात लागला.

मंडळानं यादीतून माझंही नाव काढलं. काढू दे. वहिनींच्या नवऱ्याची बदली होईपर्यंत दर शुक्रवारी आम्ही तिघी आमच्याच घरी भजनं म्हणत राहिलो, खिडक्या सताड उघड्या टाकून.