श्री आणि फुली

इंग्लंडातल्या आमच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या निवडणुकांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. दोन गावे आणि त्यांच्यामधली बरीचशी गवताळ जमीन एकत्र करून ही कौन्सिल स्थापन झाली. त्या दिवसापासून एक पक्ष पहिला येतो आणि दुसरा पक्ष दुसरा येतो. पार्किंगचे दर वाढले म्हणून एकदा उलटे झाले. नव्या सत्ताधाऱ्यांनी दर तपासले, ते योग्यच आहेत असे त्यांना आढळले, आणि पुढच्या खेपेला मतदारांनी त्यांना घरी पाठवले. मध्ये काही काळ कोणालाच बहुमत नव्हते. या अवस्थेला येथे अधिकृतपणे ‘कोणाचेही पूर्ण नियंत्रण नाही’ असे म्हणतात. कोणत्याही सरकारचे इतके प्रामाणिक वर्णन मी अन्यत्र वाचलेले नाही. त्या काळात कचऱ्याच्या गाड्या वेळेवर येत.

रीडिंग शहरात नोकरीला लागलो तेव्हापासून मी या वॉर्डात राहतो. वॉर्ड मात्र एका जागी राहिला नाही. सीमा आखणाऱ्यांनी एकदा रेषा आमच्या बागेतून नेली. त्यामुळे आमचे घर एका वॉर्डात आणि बागेतली शेड दुसऱ्या वॉर्डात, अशी व्यवस्था काही वर्षे होती. शेडच्या वॉर्डातली निवडणूक नेहमी अधिक चुरशीची होत असे.

मग सरकारने जाहीर केले की परगण्यातल्या सगळ्या डिस्ट्रिक्ट कौन्सिली मोडून एक मोठी कौन्सिल होणार. म्हणजे यंदाची निवडणूक शेवटची. जी संस्था मोडणार हे ठरले होते, तिच्यात शिरण्यासाठी पूर्वी कधी नव्हती एवढी धावपळ सुरू झाली.

याचे एक कारण भिंतीवर होते. कौन्सिलच्या इमारतीत एक काळी लाकडी पाटी आहे. तिच्यावर आजवरच्या सर्व सभासदांची नावे सोनेरी अक्षरांत लिहिलेली आहेत. त्यांत आपल्या मराठी लोकांपैकी एकाचेही नाव नाही, हे माझ्या एका मित्राच्या लक्षात आले होते. आम्ही दोघे पुष्कळ वर्षे एकाच ट्रेनने रीडिंगला जात असू. त्याचे म्हणणे असे, की पाटी खाली उतरण्यापूर्वी तिच्यावर त्याचे आडनाव लागले पाहिजे. स्वतः उभे राहण्याचे त्याचे वय गेले होते. म्हणून त्याची मुलगी उभी राहिली.

मुलगी येथेच जन्मलेली, ब्रॅकनेलला एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. ती नेहमी दुसऱ्या क्रमांकावर येणाऱ्या पक्षाकडून उभी होती. तिला स्वतःला शनिवारी लायब्ररी उघडी हवी होती, आणि वडिलांसाठी पाटीही हवी होती. दोन्ही इच्छांत गैर काही नव्हते.

तिच्यासमोर विद्यमान सभासद होते. हे गृहस्थ इतक्यांदा निवडून आले होते, की पत्रकावरचा फोटो बदलण्याची त्यांना कधी गरज वाटली नाही. फोटोत त्यांचे केस अद्याप काळे आहेत.

प्रचारात ती आपल्या सगळ्या मराठी घरांत जाऊन आली. दारात आलेल्या मुलीला नाही म्हणण्याची आपल्याकडे रीत नसल्यामुळे सर्वांनी ‘नक्की’ म्हणून सांगितले आणि चहा दिला. तिने सर्वांची मते पक्की धरली. आमच्या घरची दोन धरली. माझे तिलाच होते.

मोजणीच्या दिवशी उमेदवाराच्या वतीने कोणीतरी टेबलापाशी बसून लक्ष ठेवावे लागते. ती मला विचारायला आली.

“काका, तुम्ही बसाल का? डॅडला टेन्शन येतो.”

मी हो म्हटले. मला टेन्शन येत नाही, अशी माझी ख्याती आहे.

मोजणी लेझर सेंटरच्या, म्हणजे गावच्या क्रीडासंकुलाच्या, हॉलमध्ये, बॅडमिंटनच्या कोर्टांवर झाली. आमच्या वॉर्डाची मते समसमान निघाली. पुन्हा मोजली. पुन्हा समसमान. एक मतपत्रिका तेवढी बाजूला काढून ठेवलेली होती. येथे मत फुलीने देतात, आणि तिच्यावर विद्यमान सभासदांच्या नावापुढे स्वच्छ फुली होती. वर, कोऱ्या जागेत, पेन्सिलीने एक शब्द लिहिलेला होता.

नियम असा, की ज्या लिखाणावरून मतदार कोण हे कळते, ते लिखाण असलेली मतपत्रिका बाद. म्हणून त्या शब्दाचा अर्थ समजणे आवश्यक होते. मोजणी करणाऱ्यांपैकी एक बाई योग शिकायला जात असत. त्यांनी शब्द वाचला आणि अर्थही सांगितला: मिस्टर.

निवडणूक अधिकारी बाईंनी विचारले, मिस्टर कोण? यावर योगाच्या वर्गात काही शिकवलेले नव्हते.

मग दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी बोलले. आमच्या पक्षाचे गृहस्थ दिवाळीच्या कार्यक्रमाला रेशमी कुडता घालून येतात आणि विविधता हेच आपले बळ आहे असे सांगतात. त्यांचे मत पडले, की कोणीतरी आपले नाव लिहू लागले होते हे उघड आहे, परकी अक्षरे मतपत्रिकेवर चालवून घेतली तर या सगळ्याला अंत राहणार नाही, तरी मत बाद करावे. पलीकडच्या पक्षाच्या गृहस्थांनी पूर्वी लायब्ररीतले परभाषांचे कपाट काढून टाकावे म्हणून मोहीम चालवली होती. ते म्हणाले, की या देशाला सहिष्णुतेची परंपरा आहे आणि एका प्राचीन संस्कृतीचा येथे अपमान होत आहे. दोघांनी एकमेकांची भाषणे इतक्या बारकाईने ऐकली असतील, असे मला वाटले नव्हते.

मत बाद झाले तर बरोबरी राहणार होती आणि चिठ्ठी काढून निकाल लागणार होता. अधिकारी बाईंनी दोन पाकिटे तयार ठेवली होती. मत धरले गेले तर मुलगी पडणार होती.

तिने माझी बाही ओढली. तिला मराठी वाचता येत नाही.

“काका, काय लिहिलंय?”

“श्री.”

“ते चांगला आहे की वाईट?”

“चांगलं आहे. आपल्याला नाही.”

अक्षर मी ओळखले होते. त्या श्रीची वेलांटी खाली येऊन पुन्हा आत वळते. ती आमच्या पिठाच्या डब्यावर आहे, कॅलेंडरवर आहे आणि मी स्टॅनमोरच्या भारतीय दुकानांतून सामान आणायला निघालो की मिळणाऱ्या यादीच्या डोक्यावर आहे. कागद कोणताही असो, वर श्री काढल्याशिवाय माझ्या पत्नीचा हात पुढे सरकत नाही.

माझ्या वडिलांच्या घरी श्री लिहीत नसत. देवांना त्या घरातून निरोप दिलेला होता आणि त्यांच्या जागी मत आलेले होते. मतदानाच्या दिवशी वडील इस्त्रीचा सदरा घालून, कोणाशी न बोलता जात आणि येत.

मी गप्प राहिलो असतो तर मला खोटा म्हणायला कोणी आले नसते. बाईंनी पेन उचलले तेव्हा मी उठलो आणि हे वाचता येते असे सांगितले.

“हे नाव नाही,” मी म्हणालो. “आमच्याकडे काही लिहायला घेतले की आधी हा शब्द लिहितात. पुढचे काम नीट व्हावे म्हणून.”

“मतपत्रिकेवरसुद्धा?”

“मतपत्रिका कागदाचीच असते.”

“कोणाच्या नावाचा भाग?”

“नाही. कोणाच्याही नाही.”

बाईंनी तेवढेच विचारले, आणि मी विचारले तेवढेच सांगितले. मतपत्रिका वैध गठ्ठ्यात गेली. विद्यमान सभासद एका मताने निवडून आले. आभाराच्या भाषणात त्यांनी वॉर्डातल्या हिंदी समाजाचा विशेष उल्लेख केला.

कार पार्कमध्ये मुलगी बराच वेळ गाडीची किल्ली शोधत होती. ती तिच्या हातातच होती.

“तुम्ही बोलला नसता तर चिठ्ठी काढली असती ना?”

“हो.”

“म्हणजे फिफ्टी-फिफ्टी.”

“हो.”

“डॅडला मी सांगते,” ती म्हणाली. “तुम्ही नका सांगू.”

तिने सांगितले असावे, कारण संध्याकाळी मित्राचा फोन आला. त्याने आधी हवामान विचारले. मग म्हणाला, “तू माझा मित्र की त्या अधिकारी बाईचा? आणि श्री तर तू लिहीतसुद्धा नाहीस.”

“नाही लिहीत.”

“मग तुला काय पडली होती?”

मत होते, असे मी म्हणालो. त्याने फोन ठेवला. तो अजून ठेवलेला आहे.

पत्नीला निकाल सांगितला तेव्हा ती भांडी विसळत होती. मुलगी कितीने हरली, असे तिने विचारले. एका मताने, मी म्हणालो. तिने नळ बंद केला.

“माझं धरलं का?”

“धरलं.”

काही वेळाने तिने आपण होऊन खुलासा केला. फुटपाथच्या उखडलेल्या फरशीवर ती पडली होती, तेव्हा त्या सभासदांनी फरशी बदलून घेतली आणि नंतर दोनदा गुडघ्याची चौकशी केली. “मुलगी आपली आहे,” ती म्हणाली. “तिला मी केव्हाही जेवायला घालीन. मत निराळं.”

पुढच्या रविवारी तिने मित्राला आणि मुलीला जेवायला बोलावले. ती एकटीच आली. वडिलांना बरे नाही, असे तिने सांगितले. काय झाले आहे, हे आम्ही विचारले नाही. लायब्ररीविषयी थोडे बोलणे झाले. आता नव्या मोठ्या कौन्सिलसाठी उभी राहणार का, असे मी विचारले. बघू, ती म्हणाली. मग हातातला घास तसाच ठेवून तिने माझ्या पत्नीकडे पाहिले.

“काकू, एक विचारू? तुमचा मत कोणाला होता?”

पत्नीने आमटीची पळी थांबवली नाही.

“तुमचा नव्हे, तुमचं,” ती म्हणाली. “मत नपुंसकलिंगी असतं.”

मुलीने ‘नपुंसक’ हा शब्द मनातल्या मनात इंग्रजीत करून पाहिला. कौन्सिलच्या एकंदर इतिहासाशी ताडून पाहिला असावा. मग ती थोडी हसली आणि तिने वाटी पुढे केली.