पिशवीतला जुना पंप

दसरा तोंडावर आला आणि माझ्या गाडीनं पाणी सोडलं. सकाळी उपकेंद्रावर जायला निघाले, तर अंगणात गाडीखाली हिरवट ओल. थोडं अंतर गेले नाही तोच समोरचा तापमानाचा काटा वर सरकायला लागला. मी नर्स आहे. मारेगाव तालुक्यातल्या खेड्यांत लसी टोचत हिंडते, ताप चढायला लागला की मला लगेच कळतो. गाडी लिंबाखाली उभी केली, निवू दिली, पाणी भरलं आणि हळूहळू मारेगावातल्या गॅरेजात नेली.

मिस्त्रीनं बॉनेट उघडून आत बोट फिरवलं. "वॉटर पंप गेला, ताई. इंजिनात पाणी फिरवाचं काम त्याचं. असाच लांब नेसान तं इंजिन बसते."

"मंग नवा टाका."

"कंपनीचा नागपूरहून मांगवा लागते. सणाच्या सुट्ट्या आहेत. दसऱ्याच्या आधी काही येत नाही."

"आणि बाजारातला?"

त्यानं तोंड वाकडं केलं. "लोकल माल मी तुमच्या गाडीले नाही लावत. लेडीज गाडी आहे. रस्त्यात बंद पडली तं मलेच फोन करसान."

लेडीज गाडी म्हटलं की माझं डोकं सणकतं. गाडीत कसलं आलंय लेडीज नि जेंट्स? पण भांडायला वेळ नव्हता. दसऱ्याला बाबांना नागपूरला, दीक्षाभूमीवर न्यायचं होतं.

छप्पन साली बाबा पाच-सहा वर्षांचे होते. आजोबांबरोबर ते नागपूरला गेले, थोडं बैलगाडीनं, थोडं खांद्यावर बसून. त्या प्रवासातली त्यांना धडपणे आठवते ती तहान. वाटेत एका गावी विहीर होती, पण आपल्या हातानं पाणी काढायची सोय नव्हती. कुणीतरी येऊन वरून ओतेल म्हणून सगळे ताटकळत बसले. शेवटी एक बाई आली, तिनं ओतलं, आणि बाबांच्या इवल्या ओंजळीतून निम्मं पाणी सांडलं. पुन्हा मागायची हिंमत झाली नाही. बाबा हे रागानं सांगत नाहीत, पण त्या सांडलेल्या पाण्याची हळहळ अजून त्यांच्या आवाजात असते. राग मला येतो, आणि दर वेळी येतो.

त्यानंतर बाबा दरवर्षी गेले. ट्रकनं गेले, रेल्वेनं गेले, एसटीत उभ्यानं गेले. पण आता गुडघ्यांनी दगा दिलाय. जीपची पायरी चढवत नाही, एसटीची तर नाहीच. गेल्या दसऱ्याला पहिल्यांदा घरी राहिले. सकाळी उठून आंघोळ करून पांढरा सदरा घातला आणि दिवसभर टीव्हीसमोर बसून होते. मला ते बघवलं नाही. माझी गाडी ठेंगणी आहे, दार उघडलं की ते सरळ सीटवर बसू शकतात. म्हणून या वर्षी त्यांनी अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं, "पोरीच्या गाडीनं चाललो मी."

गाडीचं कळल्यावर धाकटा भाऊ संध्याकाळी मोबाइल घेऊनच आला. त्याला जगातली सगळी अक्कल मोबाइलमधून येते.

"ताई, बाबाले बसवाचं आहे गाडीत. लोकल माल टाकू नको. हे पाह्य, या माणसाच्या पंपाचं पातं दोन महिन्यांत तुटलं."

"मंग दसऱ्याले का करू? व्हिडिओ दाखवू बाबाले?"

"पण कंपनीचं ते कंपनीचंच असते ना!"

बाबा खाटेवरून ऐकत होते. म्हणाले, "कायले भांडता? गाडी चालली तं जातो. नाही चालली तं सदरा घडी करून ठेवतो."

ते हे अगदी सहज म्हणाले. त्या क्षणी मी ठरवलं, सदरा घडी होणार नाही.

मी काही स्वस्ताच्या मागे लागणारी बाई नाही. ब्रेकचे पॅड मी वाट पाहून, थांबून कंपनीचेच घालते, तिथं माझ्याशी कुणी हुज्जत घालायची नाही. बाजूचा आरसा फुटला तेव्हा मात्र बाजारातला बसवला, आणि मागची एसटी त्यात पहिल्यासारखीच दिसते. कुठं थांबायचं आणि कुठं नाही एवढं मला कळतं. पंपाचं मात्र पाहावं लागणार होतं.

आणि पाहायचं कसं, ते माझ्या कामानंच मला शिकवलंय. म्हातारी माणसं येऊन म्हणतात, बाई, ती पांढरी गोळी द्या. मी म्हणते, आधी रिकामं पाकीट आणा. पाकिटावर मोठ्या अक्षरात जे मिरवतं ते विकणाऱ्याचं नाव असतं. बनवणाऱ्याचं नाव मागं, बारीक अक्षरात. वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या एकाच कारखान्यातून निघालेल्या मी कितीदा पाहिल्यात. ज्याच्या पाठीवर काहीच लिहिलेलं नाही, ते औषध मी हातातही धरत नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला म्हटलं, "जुना पंप काढून द्या."

"भंगार आहे ते, ताई."

"माझं भंगार मले द्या."

डिझेलच्या फडक्यानं पुसून, जुन्या टूथब्रशनं घासून मी तो उजळ केला. वर गाडीच्या कंपनीचा ठसा होता. आणि खाली, बोल्टच्या भोकाशेजारी, एक छोटासा त्रिकोण आणि एक नंबर. म्हणजे कंपनी हा पंप स्वतः बनवतच नव्हती, दुसऱ्या कुणाकडून बनवून घेत होती! मी एकटीच मोठ्यानं हसले. मिस्त्रीला वाटलं असेल, बाईला ऊन लागलं.

ड्युटी आटोपून तशीच एसटीनं वणीला गेले. कोळशाच्या ट्रकांमुळे वणीत स्पेअर पार्टची दुकानं पुष्कळ. एका दुकानात काउंटरवर पिशवीतला पंप काढून ठेवला आणि म्हटलं, "याच्या जोडीचा दाखवा."

दुकानदारानं पहिल्यांदा जो काढला तो नुसता चकचकत होता. मी खोका उलटा केला. पाठ कोरी. ना गावाचं नाव, ना कारखान्याचं. "हा ठेवून द्या," म्हटलं. दुसऱ्याची भोकं जुळेनात. मग कुरकुरत तो स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरून धुळीनं माखलेला एक खोका काढला. मागच्या बाजूला बनवणाऱ्याचं नाव होतं, आणि नावाआधी तोच त्रिकोण. आतला पंप जुन्यावर ठेवून पाहिला. भोकाला भोक, पात्याला पातं. नंबर तोच. वर जिथं कंपनीचा ठसा असायला हवा, तिथं घासून गुळगुळीत केलेली जागा, बोट फिरवलं की लागत होती.

पण ठसा कुणीही मारू शकतो. माझ्या बॅगेत बाळांची वजनं करायचा काटा होता. तो मी दुकानाच्या शटरच्या हुकाला टांगला, झोळीत एकेक पंप घातला आणि वजन पाहिलं. शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

दुकानदार म्हणाला, "ताई, पंप घेऊन राह्यल्या का पोरगा पाहून राह्यल्या?"

"दादा, पोरगा पाहताना लोकांनी एवढं पाह्यलं असतं तं निम्म्या पोरी सुखात असत्या."

सगळे हसले, तोही हसला. जुना पंप आणि त्रिकोणवाला, काटा एकाच जागी थांबला. चकचकीतवाला स्पष्ट हलका भरला. कुपोषित आहे हा, मी म्हटलं, आणि त्रिकोणवाला पिशवीत घातला. कंपनीच्या पंपापेक्षा निम्म्या किमतीत मिळाला, पण तेव्हा मला त्याचं काही नव्हतं. मला फक्त बाबांचा सदरा दिसत होता.

मिस्त्रीनं पंप उलटसुलट करून पाहिला. त्रिकोण दाखवला तरी म्हणाला, "लावतो, पण ग्यारंटी माझी नाही."

"ग्यारंटी माझी आहे. तुम्ही बोल्ट नीट कसा."

पुढच्या दिवशी लसीकरणाच्या गावांना गाडी मुद्दाम लांबच्या, खडबडीत वाटेनं नेली. मागच्या सीटवर लसींचा थंड डबा, पुढं तापमानाचा काटा. दोन्हीकडे मी सारखं बघत होते, आणि दोन्ही दिवसभर शहाण्यासारखे वागले.

दसऱ्याच्या सकाळी बाबा उजाडायच्या आत तयार. पांढराशुभ्र सदरा, कडक इस्त्री. भाऊही आला, पण पाण्याच्या प्लांटवरून वीस लिटरचा भरलेला कॅन खांद्यावर घेऊन.

"एवढं पाणी कायले?"

"गाडीले," तो म्हणाला. "तापली तं."

असा राग आला की त्याला तिथंच सोडून निघावं वाटलं. पण बाबा पुढं बसून जय भीम म्हणत गल्लीतल्या एकेकाला हात करत होते, म्हणून मी गाडी सुरू केली. कॅन भावाच्या दोन पायांच्या मध्ये, आणि तो त्याच्यावर हात ठेवून.

करंजीला महामार्ग लागला. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, सोयाबीनचे ढीग, आणि पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी भरलेल्या गाड्या नागपूरकडे निघालेल्या. ऑक्टोबरचं ऊन चढत गेलं. भाऊ मागून मान लांब करून काटा बघायचा. वडकीला पाहिलं, हिंगणघाटला पाहिलं, बुटीबोरीला पाहिलं. काटा मधोमध. बाबांनी हळूच विचारलं, "ताप किती आहे?"

"ताप नाही, बाबा. तब्येत ठणठणीत."

नागपूरच्या हद्दीचा फलक दिसला आणि मी गाडीत एकटीच ओरडले, "पोचलो!" भाऊ मागं टेकून बसला. पहिल्यांदाच कॅनवरचा त्याचा हात निघाला. थोड्या वेळानं म्हणाला, "मानलं, ताई." एवढं पुरे होतं, पण मी त्याला ते आणखी एकदा म्हणायला लावलं.

गाड्या दीक्षाभूमीच्या बऱ्याच अलीकडे एका मैदानात थांबवल्या होत्या. पुढं चालायचं, म्हणून बाबांना जरा दम खाऊ द्यावा म्हटलं. दार उघडून ते पाय बाहेर सोडून बसले. ढाणकीकडून आलेली काही माणसं आमच्या गाडीच्या सावलीला टेकली. त्यांच्यातली एक लहान मुलगी आईला पाणी मागत होती आणि आईची बाटली रिकामी झालेली.

बाबांनी भावाकडं पाहिलं. "तो कॅन काढ."

भावानं कॅनचं झाकण फोडलं. मुलगी पुढं आली आणि तिनं ओंजळ धरली.

"ओंजळ कायले?" बाबा म्हणाले. "पोरी, ग्लास दे तिले."

मी जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून स्टीलचा ग्लास काढून दिला. भावानं तो काठोकाठ भरला, आणि मुलीच्या हातून निम्मा तिच्या फ्रॉकवर सांडला. ती घाबरून बाबांकडं बघायला लागली. बाबांनी ग्लास तिच्या हातातून घेतला, स्वतः कॅनखाली धरून पुन्हा भरला आणि तिला दिला.

"सांडलं तं सांडू दे, बाई. माह्या पोरीच्या गाडीनं एक थेंब घेतला नाही. सगळं तुमचंच आहे."